ताई गलाईच्या गावी, आम्ही विट्याजवळ: इथनं काय करता येईल?

खानापूरचा भाऊ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाव-गाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडं घरटी एक माणूस गलाईला बाहेर असतो, लगेच ओळख पटते. विट्यापासनं जवळचं गाव, एवढं पुरे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचा धंदा. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळकडची माणसं या धंद्यापायी देशभर पांगलीत. गावाकडं बंगले, बंगल्यांना कुलपं, आणि जत्रेला चार दिवस परराज्याच्या नंबरप्लेटच्या गाड्या.

माझी थोरली बहीण लग्न होऊन तमिळनाडूत गेली. पुढं दुकान, मधी भट्टी, मागं राहायची खोली. बाहेर पडायचं तर दुकानातनंच. दाजी माळकरी आहेत, दारूला शिवत नाहीत, गावात आले की देवळात कीर्तनाला पुढं बसतात. त्यामुळं कोणाला सांगितलं तर आधी विश्वासच बसत नाही. मारहाण आहे हे आम्हाला दोनेक वर्षांपासनं कळत होतं. ताई कधी म्हणाली नाही, पण कळतं.

तिचा मोबाईल ‘फुटला’, मग बटणाचा आला. फोन दाजी शेजारी असतानाच लागतो, तोही स्पीकरवर. ‘बरी हाय, पाऊस हाय का, जनावरं बरी हायत का’, संपलं. तिच्या पाटल्या नि मोहनमाळ ‘मोडून नवीन करू’ म्हणून आटवली, ते सोनं परत दिसलं नाही. गेल्या जत्रेला आली तर वैशाखाच्या उन्हात गळ्याला ओढणी घट्ट. आवाज बसलेला. सर्दी म्हणाली. भाचा दुसरीत आहे, तो आईजवळ म्हणाला की मम्मीला भात गिळता येत नव्हता. त्याच मुक्कामात आई भाकरी करत होती, तिच्याशेजारी बसून ताई म्हणाली, ‘भांडण झालं की हे तेजाबाचा कॅन उचलून मोरीपाशी आणून ठेवतात. बोलत काय नाहीत, नुसता ठेवतात.’ आणि हसली.

अण्णांचं म्हणणं, दिल्या घरी सुखी राहायचं असतं. तिकडच्या गलाईवाल्या जाणत्यांना मधे घालून बैठक घेऊ, स्टॅम्पवर लिहून घेऊ. माझं म्हणणं, चार पोरं आणि बोलेरो घ्यावी नि सरळ घेऊन यावं. आई नुसती रडतीय. केस करायची तर तमिळनाडूतच करावी लागते असं एकानं सांगितलं. भाषा येत नाही, वकील कुठला गाठायचा? नक्की काय करावं?

जुना गलाईवाला

भाऊ, मी आयुष्य दक्षिणेत काढलं. तुझा राग समजतो. पण या धंद्यात ताण फार असतो. लोकांचं सोनं हातात, रतीभर कमी भरलं तर गिऱ्हाईक गल्लीभर बोंबलतं. माणूस तापट होतो. बैठक हाच मार्ग चांगला. आम्ही किती संसार असे सावरलेत. पोलिसात गेलं की परतीची वाट बंद होते, आणि परमुलखात धंद्याचं नाव जातं ते वेगळंच. बोलेरो घेऊन जाणं तर शुद्ध मूर्खपणा, तिथं चार अनोळखी पोरं दिसली तर पोलिस आधी तुम्हालाच आत घेतील. शांत डोक्यानं घे.

मिरजेच्या मावशी

दादा, तुमचं एकदा वाचून झालं, मग वही घेऊन परत वाचलं. पोलिसांच्या महिला कक्षात समुपदेशनाचं काम करून मी निवृत्त झालेय, जुनी खोड. बैठक की बोलेरो हा तुमचा प्रश्न माझ्या लेखी नंतरचा. तुम्ही जाता जाता जे लिहून गेलात त्यानं मला घाम फुटला.

गळ्याला ओढणी, बसलेला आवाज, भात गिळता न येणं. याला सर्दी म्हणत नाहीत. तिचा गळा दाबला गेलाय असं धरून चाला. गळा दाबल्याच्या खुणा कातडीवर पुष्कळदा उमटतच नाहीत. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत बारीक लाल ठिपके येतात, कधी बाईला मधलं काही आठवत नाही. आत सूज चढत जाऊन त्रास नंतरही वाढू शकतो, म्हणून अशा वेळी दवाखाना टाळायचा नसतो, आणि डॉक्टरला ‘मोरीत पडले’ असं सांगायचं नसतं. नवऱ्यानं बायकोच्या जिवाचं बरंवाईट केल्याच्या प्रकरणांचा जिथं जिथं अभ्यास झालाय, तिथं आधी गळा दाबलेला असणं ही मोठ्या धोक्याची खूण निघाली आहे. थोबाडीत मारणं आणि गळ्याला हात घालणं यांना एका मापानं मोजू नका. दुसऱ्यात तो तिला सांगत असतो की तुझा श्वास माझ्या हातात आहे.

दुसरं, तो कॅन. गलाईत सोन्यातली चांदी-तांबं वेगळं काढायला नायट्रिक ॲसिड लागतं, म्हणजे ते त्या घरात मिठासारखं कायम असणार. तो ओतत नाही, धमकी देत नाही, नुसता आणून ठेवतो. म्हणजे विचार करून ठेवतो. जुन्या गलाईवाल्या काका, तुम्ही ताणाचं बोललात. मग मला सांगा, रतीभर कमी भरलं म्हणून जे गिऱ्हाईक बोंबलतं, त्याच्यापुढं हे दाजी कॅन आणून ठेवतात का? नाही. त्याला चहा मागवतात. तापट माणसाला माणूस बघून ताप चढत नसतो.

तिसरं, स्पीकरवरचा फोन. स्मार्टफोन गेला, दागिने गेले, भाषा येत नाही, दार दुकानातनंच. मार हा यातला फक्त दिसणारा तुकडा झाला. तिला एकटं पाडायचं काम आधीपासनं पद्धतशीर चाललंय. आणि तो दारू पीत नाही म्हणून तुम्हाला कोडं पडलंय, ते पडू देऊ नका. दारूनं मार वाढतो हे खरं, पण दारू सुटलेले आणि हात न सुटलेले मी भरपूर पाहिलेत.

आता बैठक. माझा तिला विरोध आहे, आणि तो पुस्तकातनं आलेला नाही. बैठकीत ताईला दाजींच्या समोर बसवून विचारतात, ‘सांग बाई, काय त्रास आहे?’ ती काय सांगणार? रात्री त्याच खोलीत जायचंय. सांगितलं तर त्याची वसुली होते, नाही सांगितलं तर ‘तिनंच सगळ्यांदेखत कबूल केलं, काही नाही म्हणून’ हे कायमचं चिकटतं. पूर्वी शंभराचा स्टॅम्प असायचा, आता पाचशेचा लागतो, कागद महागला एवढाच फरक. त्या कागदावर ‘यापुढे नीट नांदवीन’ लिहिलं म्हणून कुणाला पोलिस पकडत नाहीत. उलट कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कोर्टानं दिलेला संरक्षणाचा आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतं. लिहूनच घ्यायचं तर तिथं घ्या. त्या कायद्याच्या २००६ च्या नियमांत समुपदेशकालासुद्धा बजावलंय की मारहाण का केली याचं समर्थन समोरच्याला करू द्यायचं नाही, आणि हे त्याला बसायच्या आधीच सांगायचं. आपल्याकडच्या बैठकीची सुरुवातच मुळी ‘तिनं काय केलं होतं’ इथनं होते.

काकांचं एक मात्र बरोबर, बोलेरो नको. कारण माझं वेगळं आहे. बाई निघतेय हे नवऱ्याला कळतं तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो, निघताना आणि निघाल्यावरचे काही महिनेसुद्धा. तुम्ही दारात आरडाओरडा केलात आणि त्या दिवशी ती निघू शकली नाही, तर मागं ती, तो आणि कॅन. म्हणून गुपचूप. तिनं निघायचा दिवस तिनंच ठरवायचा. घरात त्याचा मूड कधी कसा असतो हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही.

मग तुम्ही काय करायचं? पहिलं काम अण्णांचं आहे आणि ते सगळ्यात अवघड. त्यांनी तिला स्वतःच्या तोंडानं ‘ये’ म्हणायचं. पुरावा न मागता, ‘बघू’ न म्हणता, पोराला घेऊन ये म्हणायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१, महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चारांतल्या एकीनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात मार खाल्लेल्यांपैकी कुणाकडं तरी मदत मागणाऱ्या शंभरात १४ च्या आसपास, आणि त्यांतल्या बहुतेकजणी पोलिसांकडं जात नाहीत, माहेराकडं बघतात. तिथनं ‘सांभाळून घे’ आलं की पुढची दारं त्या ठोठावतच नाहीत. तुमची ताई आईजवळ बसून कॅनचं बोलली, ते बोलणं नव्हतं दादा, ती तुमचं दार हलवून बघत होती.

स्पीकरवर हे सांगता येणार नाही. पुढच्या लग्नाला-जत्रेला येईल तेव्हा आईनं एकटीला गाठायचं, किंवा तिकडं आपल्याकडची एखादी जाणती गलाईवाली बाई असेल तर तिच्याकरवी निरोप धाडायचा. बाई नीट पारखून मात्र, नाहीतर निरोप आधी दुकानात पोचेल. फोनवर एक परवलीचं वाक्य ठरवा. ‘म्हशीला वैरण कमी पडतीय’ म्हणाली की समजायचं, वाढलंय. ‘म्हैस विकायचीय’ म्हणजे मी निघतेय. त्या क्षणी मदत लागली तर ११२ तिनं तिथनं स्वतः लावायचा. तुम्ही सांगलीतनं लावला तर तो महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात जाईल, नि तिथल्या पोलिसांपर्यंत पोचेस्तोवर वेळ जाईल. त्यामुळं त्या गावच्या पोलिस ठाण्याचा नंबर आजच काढून आईच्या फोनमध्ये ठेवा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन तिकडंही आहे.

ॲसिडचं, देव न करो, पण सांगून ठेवते. पडलं तर वीसेक मिनिटं तरी साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, कपडे-दागिने काढायचे, हळद-तूप-टूथपेस्ट काही नाही, आणि जवळच्या कुठल्याही दवाखान्यात. सरकारी असो वा खाजगी, त्यांनी फुकट उपचार द्यायचेच आहेत, कायदाच आहे तसा.

भट्टीमागची

पहिल्यांदाच लिहितेय. मी गलाईचीच सून, तिकडनं आलेली, आता कडेगाव तालुक्यात असते. मावशींनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, मी फक्त खोलीच्या आतलं सांगते.

पिशवी भरून ठेवू नका म्हणावं. सापडते. मी कागदांचे फोटो शेजारच्या अम्माच्या मुलीच्या मोबाईलवरनं बहिणीला पाठवले: आधार, बँकेचं पहिलं पान, पोराचा जन्मदाखला, लग्नाचा फोटो. दागिने घातलेले लग्नातले फोटो आणि सोनाराच्या पावत्या माहेरी असतील तर त्या भावानं आत्ताच शोधाव्यात. आमच्या धंद्यात सोनं आटलं की त्याला ओळख राहत नाही, ‘तुझं कुठलं, गिऱ्हाइकाचं कुठलं’ म्हणतात. फोटोच बोलतो.

दुसरं, भाषा. मला वर्षानुवर्षं भाजी आणि दूध एवढंच तमिळ येत होतं, बाकीचं शिकू दिलं नाही. शेवटी अम्मानं दोन शब्द घोकून घेतले. ‘काप्पात्तुंग’, म्हणजे वाचवा. ‘उदवी’, म्हणजे मदत. मराठीत कितीही ओरडलं तरी तिकडच्या लोकांना ते नवरा-बायकोचं नेहमीचं भांडणच वाटतं. ‘काप्पात्तुंग’ म्हटल्यावर समोरचा इस्त्रीवाला कोळसे टाकून आला होता.

आणि भाऊ, ती आली की लगेच ‘का सहन केलंस एवढं’ असं कुणी विचारू नका. मला घरातल्या सगळ्यांनी एकेक करून विचारलं. जेवायला वाढा आणि झोपू द्या.

विट्यातला वकील

केस तमिळनाडूतच करावी लागते हे चूक आहे, आणि ते इतक्या आत्मविश्वासानं सांगितलं जातं की बायका खचतात. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ चं कलम २७ बघा. पीडित बाई कायमची किंवा तात्पुरती जिथं राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडं अर्ज चालतो. माहेरी आली की झालं. फौजदारीचं म्हणाल, तर जुन्या ४९८-अ बद्दल, म्हणजे नवऱ्या-सासरच्यांनी केलेल्या छळाच्या कलमाबद्दल, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात सांगितलंय की छळामुळं घर सोडून बाई जिथं आसऱ्याला येते, तिथंही तक्रार चालते. हेच कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आहे. आणि ही तक्रार तिनंच द्यावी असं नाही, रक्ताच्या नातेवाइकानं, म्हणजे भावानंही दिलेली चालते. हद्दीचं कारण सांगून पोलिस परत पाठवू लागले तर शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवा म्हणावं, म्हणजे हद्द न बघता इथं नोंदवून पुढं तिकडं पाठवायचा, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ते स्पष्टच लिहिलंय.

अर्ज आमच्याकडनंच करायला पाहिजे असं नाही. याच कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडं जा, तो घटनेचा अहवाल तयार करून कोर्टात देतो, त्याला पैसे पडत नाहीत. बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाचा देशभराचा नंबर १५१००. सांगलीत सखी वन स्टॉप सेंटर आहे, पहिले काही दिवस माहेरी राहणं धोक्याचं वाटलं तर तिथं निवारा मिळू शकतो.

अर्जात काय मागायचं ते नीट मागा. संरक्षण, पोटगी, पोराचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत. आणि ज्या बंगल्याला गावाकडं कुलूप आहे, तो. लग्नानंतर ताई तिथं नांदली असेल तर तो सामायिक घरात येऊ शकतो. बंगला सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्यानं तिचा राहण्याचा हक्क जात नाही, हे ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सतीश अहुजा प्रकरणात म्हटलंय. अनेकजणींना हे सुचतच नाही. कायद्यात लिहिलंय पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत. ते ६० दिवस मी अजून कुणाचे बघितले नाहीत, म्हणून अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश पहिल्याच अर्जात मागा.

पोरगा सोबत आणला तर दाजी ‘पळवून नेलं’ म्हणतील. कोर्टाचा उलटा हुकूम नसताना आईनं आपलं लेकरू माहेरी आणणं म्हणजे पळवणं नव्हे. पण तिकडं ‘बेपत्ता’ची तक्रार होऊ शकते, म्हणून पोचल्या पोचल्या इथल्या ठाण्यात लेखी द्या की मी माझ्या मर्जीनं, मुलासह आलेय. पोच घ्या.

जुना गलाईवाला

कॅनचं मी नीट वाचलं नव्हतं. बैठक नको. भाऊ, गाव कुठलं ते इथं लिहू नकोस, मला निरोप कर. तिकडं माझ्या चुलत्याच्या घरातल्या वहिनी आहेत, वय झालंय, बोलक्या आहेत आणि पोटात ठेवतात. हळदी-कुंकवाच्या निमित्तानं कुणाच्याही घरात जातात, त्यांना दुकानातनं आत जायला कोण अडवत नाही.

खानापूरचा भाऊ

काका, निरोप केलाय. मावशी, तुमचं अण्णांना वाचून दाखवलं. गळ्याचं आलं तिथं ते उठून गोठ्यात गेले. रात्री आईला म्हणाले, माडीवरची खोली मोकळी करा, द्राक्षाचे क्रेट खाली घ्या. मला काय बोलले नाहीत, पण झालं ते काम.

मोहनमाळेची पावती सापडली, पाटल्यांची नाही. पाटल्या आजीच्या होत्या, त्यांचा फोटो आहे.

एक राहिलं. भाच्याची शाळा. वर्षाच्या मधे आणला आणि तिकडची शाळा दाखला देईना, किंवा दाजींनी अडवला, तर? पोरगं तमिळ-इंग्रजी शिकलंय, मराठी बोलतो पण लिहिता येत नाही. ताईला हीच काळजी जास्त असणार, मला माहितीय.

मिरजेच्या मावशी

असणारच. बायका यापायीच वर्षं काढतात. तर ऐका: दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश अडवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ते आहे, वयाचा पुरावा नसला तरी नाकारता येत नाही, आणि वर्षाच्या मधेही घ्यावंच लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना आधीच भेटून या, ऊसतोडीच्या पोरांमुळं त्यांना मधेच येणाऱ्या मुलांची सवय असते. लिहिणं येतं दोन-चार महिन्यांत. फक्त मुख्याध्यापकांना हेही सांगा की शाळा सुटल्यावर त्याला आई, आजी आणि तुम्ही सोडून कुणाच्याही ताब्यात द्यायचं नाही, वडील आले तरी आधी तुम्हाला फोन करायचा. ते लेखीच द्या, आणि कोर्टाचा ताब्याचा आदेश मिळाला की त्याची प्रत त्या अर्जाला जोडा.